एक क्रियापद, ४२ रूपं: स्पॅनिश ‘आब्लार’ मराठीच्या वाटेनं

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना वहीत उतरवून घेणं अवघड जातं, म्हणून सगळी रूपं इथे सावकाश मांडली आहेत.

मी स्पॅनिश शिकवते. दर तुकडीत एक गोष्ट ठरलेली असते. पहिली लेव्हल सगळे उत्साहात पार करतात. दुसरीत भूतकाळ दोन आहेत म्हटल्यावर कुरबुर सुरू होते. आणि ‘सुबखुन्तीवो’ नावाचं प्रकरण आलं की वर्गातल्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात. गंमत अशी की जी मंडळी इथे सोडून जातात, त्यांच्या तोंडात ही सगळी रूपं मराठीत लहानपणापासून बसलेली असतात. फक्त आपण स्पॅनिशकडे इंग्रजीच्या पुलावरून जातो, आणि नेमका याच ठिकाणी तो पूल अरुंद आहे. तर आज इंग्रजी बाजूला ठेवू. एकच नियमित क्रियापद घेऊ, ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, आणि त्याला सगळ्या काळांतून आणि अर्थांतून फिरवून आणू.

आधी दोन सूचना. स्पॅनिशमध्ये ‘ह’चं अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून हाब्लार नाही, आब्लार. दुसरी सूचना जोराची. शब्द स्वराने, ‘न’ने किंवा ‘स’ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर पडतो, नाहीतर शेवटच्यावर. हा नियम मोडला की स्पॅनिश लिहिताना स्वरावर एक तिरकी रेघ देतात. तिच्या जागी मी इथे ऽ हे चिन्ह वापरते आहे. ही रेघ शोभेची नाही, ते पुढे दिसेलच.

शेपट्या ओळखा

स्पॅनिश क्रियापदं आर, एर आणि इर या तीन शेवटांची असतात. सगळ्यात मोठं कुटुंब ‘आर’चं. आजही नवीन क्रियापद आलं की ते बहुतेक याच घरात येतं. ट्वीट करणे याचं ‘तुइतेआर’ झालं. आब्लारमधला ‘आर’ काढा, उरतो ‘आब्ल’. हा झाला धातू.

वर्तमानकाळ:
यो आब्लो – मी बोलतो, बोलते
तू आब्लास – तू बोलतोस, बोलतेस
एल / एया आब्ला – तो बोलतो, ती बोलते
नोसोत्रोस आब्लामोस – आम्ही बोलतो
बोसोत्रोस आब्लाऽइस – तुम्ही बोलता
एयोस आब्लान – ते बोलतात

‘तू’ तर आपलाच आहे, आणि हा योगायोग नाही. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आठवा: वदसि, वदामः, वदन्ति. आता शेजारी ठेवा: आब्लास, आब्लामोस, आब्लान. ‘तू’ला स, ‘आम्ही’ला म आणि स, ‘ते’ला न. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे या शेपट्या मुळात एकच आहेत. आपलं ‘बोलतोस’, ‘बोललास’ म्हणतानाही शेवटी स येतोच. शेपटीवरून माणूस कळतो, म्हणून कर्ता बोलून दाखवायची गरज नसते. आपण नाही का नुसतं ‘जातेस का?’ असं विचारत!

एक दिलासा: स्पॅनिश क्रियापद बाई की बुवा हे विचारत नाही. बोलतो, बोलते, बोलतं असा तिढा तिथे नाही. मराठी शिकणाऱ्या स्पॅनिश माणसाचे हाल आपल्यापेक्षा जास्त होतात.

आदरार्थी ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही, पण त्याला क्रियापद मात्र ‘तो’चं लागतं: उस्तेद आब्ला. ‘बोसोत्रोस’ मुख्यतः स्पेनमध्ये चालतं. लॅटिन अमेरिकेत अनेकांना उद्देशून ‘उस्तेदेस आब्लान’ म्हणतात.

दोन भूतकाळ: बोललो आणि बोलायचो

पहिला भूतकाळ, घडून संपलेल्या गोष्टीचा:
आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन.

दुसरा, चालू असलेल्या किंवा सवयीच्या गोष्टीचा:
आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाऽबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान.

इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो, कारण त्याला दोन्हीकडे एकच रूप चालतं. आपल्याला नाही अडखळायला होत. ‘काल मी आजीशी बोलले’ म्हणजे आयेर आब्लेऽ कोन मी आबुएला. ‘दर रविवारी मी आजीशी बोलायचे’ म्हणजे आब्लाबा कोन मी आबुएला तोदोस लोस दोमिंगोस. मराठीत ‘बोलायचो’, ‘बोलत असे’, ‘बोलत होतो’ यांपैकी काही तोंडात आलं की डोळे मिटून ‘बा’वालं रूप घ्या. शाळेच्या व्याकरणात ‘मी लिहीत असे’ याला रीतिभूतकाळ म्हणायचो, तो इथे कामाला येतो.

आणि आता ती रेघ. आब्लो म्हणजे ‘मी बोलतो’, आब्लोऽ म्हणजे ‘तो बोलला’. अक्षरं तीच. जोर हलला की काळही बदलला आणि माणूसही. फोनवर कुणी काय सांगितलं हे कळायचं असेल, तर कान या जोरावर तयार करावाच लागतो.

भविष्य: क्रियापदाला चिकटलेलं दुसरं क्रियापद

भविष्यकाळात ‘आर’ काढायचा नाही, पूर्ण आब्लार ठेवायचा:
आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेमोस, आब्लारेऽइस, आब्लाराऽन.

हा काळ मुळात दोन शब्दांचा होता. ‘आब्लार’ आणि पुढे ‘आबेर’ या क्रियापदाचं वर्तमान: ए, आस, आ, एमोस, आन. बोलायचं आहे, अशा अर्थाचं. बोलता बोलता दोन्ही जोडले गेले. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोघांच्या मध्ये सर्वनाम घुसवलेलंही सापडतं.

याचा एक उपयोग आपल्या अगदी ओळखीचा आहे. ‘तीन वाजले असतील’ यात भविष्य कुठे आहे? तो अंदाज आहे. स्पॅनिशमध्येही अंदाजाला भविष्यकाळच: सेराऽन लास त्रेस.

या रूपाचा भाऊ म्हणजे ‘बोललो असतो’च्या वळणाचा:
आब्लारीऽआ, आब्लारीऽआस, आब्लारीऽआ, आब्लारीऽआमोस, आब्लारीऽआइस, आब्लारीऽआन.

याला कुठे ठेवायचं यावर स्पॅनिश व्याकरणकारांतही मतभेद होते. पूर्वी त्याला स्वतंत्र अर्थ मानत, आता स्पॅनिश अकादमी त्याला साध्या विधानांच्या रूपांत धरते. व्हेनेझुएलात जन्मलेल्या आंद्रेस बेयो यांनी आपल्या १८४७ च्या व्याकरणात ते भूतकाळातून पाहिलेलं भविष्य आहे असं मांडलं होतं. ‘ती म्हणाली की ती बोलेल’ यातल्या ‘बोलेल’ला स्पॅनिशमध्ये आब्लारीऽआ लागतं, हे पाहिलं की बेयोंचं म्हणणं पटतं.

सुबखुन्तीवो, म्हणजे बरंचसं ‘बोलावं’

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकलो होतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आतापर्यंत बहुतेक सगळं स्वार्थात झालं. आता विध्यर्थ.

करायचं काय? स्वरांची अदलाबदल. आर-वाल्यांचा ‘आ’ जाऊन ‘ए’ येतो:
आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेऽइस, आब्लेन.
एर आणि इर-वाल्यांचं उलट, तिथे ‘आ’ येतो. ‘कोमेर’ म्हणजे खाणे, त्याचं कोमा, कोमास.

‘तू बोलावंस अशी माझी इच्छा आहे’: कियेरो के आब्लेस. मराठीत आपण इथे ‘तू बोलतोस अशी माझी इच्छा आहे’ म्हणत नाही. कानाला लगेच खटकतं. स्पॅनिश माणसाला ‘कियेरो के आब्लास’ तसंच खटकतं. बस, एवढाच तो बागुलबुवा!

आज्ञार्थ तर याहून जवळचा. ‘बोल’ म्हणजे आब्ला. पण नकारात? आपण ‘बोल नको’ म्हणत नाही, ‘बोलू नकोस’ म्हणतो, रूप बदलतो. स्पॅनिशही बदलतं: नो आब्लेस. आणि मोठ्या माणसाला? ‘आपण बोलावं’. तिथेही विध्यर्थाचंच रूप: आब्ले, उस्तेद. अनेकांना आब्लेन. स्पेनमध्ये मित्रमंडळींना आब्लाद. आदर दाखवायला आज्ञा सोडून इच्छेचं रूप घेणं, ही रीत दोन्हीकडे सारखी.

भूतकाळी सुबखुन्तीवो बनवायचा तर ‘ते बोलले’चं आब्लारोन घ्या, ‘रोन’ काढा, ‘रा’ लावा:
आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लाऽरामोस, आब्लाराइस, आब्लारान.
हेच ‘रा’ऐवजी ‘से’ लावूनही होतं, आब्लासे. अर्थ जवळपास तोच. ‘आब्लारे’ असं एक भविष्यरूपही आहे, पण ते आता कायद्याच्या मजकुरात आणि जुन्या म्हणींतच उरलंय. ते सोडून द्या. मात्र रेघ पाहा: आब्लारा म्हणजे ‘बोलला असता (तर)’, आब्लाराऽ म्हणजे ‘बोलेल’.

जिथे मराठी दगा देते

इथवर मी मराठीची भलावण केली, पण तीन ठिकाणी तिचा हात सोडावा लागतो. ही तीन वहीत चौकटीत लिहून ठेवा.

एक, जर-तर. आपण दोन्ही बाजूंना एकसारखं रूप लावतो: ‘बोलत असते तर राहत असते’. स्पॅनिशमध्ये ‘जर’च्या बाजूला रा-वालं रूप आणि ‘तर’च्या बाजूला रीऽआ-वालं. सी आब्लारा एस्पान्योल, बिबिरीऽआ एन माद्रिद: मी स्पॅनिश बोलत असते, तर माद्रिदला राहत असते. ‘सी’च्या लगेच पुढच्या वाक्यात आब्लारीऽआ नको. उत्तर स्पेनच्या काही भागात लोक तसं बोलतात, पण परीक्षेत तो दाखला चालत नाही.

दोन, अजून न आलेला ‘तेव्हा’. ‘तू तिच्याशी बोलशील तेव्हा’ यात आपण भविष्य वापरतो. स्पॅनिश म्हणतं, हे अजून घडलेलं नाही, म्हणून सुबखुन्तीवो: क्वान्दो आब्लेस कोन एया.

तीन, नकारातली शंका. ‘तो बोलतो असं मला वाटतं’: क्रेओ के आब्ला. ‘तो बोलेल असं मला वाटत नाही’: नो क्रेओ के आब्ले. आपण ‘बोलेल’वर भागवतो. स्पॅनिशला ‘नाही’ ऐकू आलं की तिथे स्वार्थ सोडावासा वाटतो.

म्हणजे सुबखुन्तीवोला तीन दारं आहेत: इच्छा, न घडलेली वेळ, आणि शंका. पहिल्या दारावर मराठीत ‘बोलावं’ अशी पाटी आहे. उरलेल्या दोन दारांवर पाटी नाही, तिथे आपणच थांबून विचार करायचा.

जोडरूपं फुकटात

मदतीला ‘आबेर’ आणि पुढे ‘आब्लादो’:
ए आब्लादो – बोललो आहे
आबीऽआ आब्लादो – बोललो होतो
आब्रेऽ आब्लादो – बोललो असेन
आब्रीऽआ आब्लादो – बोललो असतो
आया आब्लादो आणि उब्येरा आब्लादो – ही या काळांची सुबखुन्तीवो रूपं

आहे, होतो, असेन, असतो. ओळीनं जुळतं. आणि आब्लादो कुणासाठीही बदलत नाही. बोलला, बोलली, बोलले असं काही नाही.

हिशेब

साधे पाच काळ गुणिले सहा, झाले ३०. सुबखुन्तीवोचे दोन, १२. एकूण ४२. आकडा मोठा वाटतो, पण पाठ काय करायचं? वर्तमानाच्या शेपट्या, पहिल्या भूतकाळाच्या शेपट्या, आणि पाच खुणा: बा, आब्लार अधिक आबेर, रीऽआ, स्वरांची अदलाबदल, रा. सात गोष्टी. बाकीचं त्यातून आपोआप निघतं.

या आठवड्याचा गृहपाठ: आजीशी किंवा कुणाही जवळच्या माणसाशी बोलण्याबद्दल पाच मराठी वाक्यं लिहा. बोललो, बोलायचो, बोलेन, बोलावं, बोललो असतो, यांचं प्रत्येकी एक. मग प्रत्येकातलं क्रियापद तेवढं स्पॅनिशमध्ये करा. पाचही नीट जमली, तर दुसरी लेव्हल अर्धी सोडायचं कारण उरत नाही.

स्पॅनिशमध्ये ‘देव करो आणि’ याला एक शब्द आहे, ओखालाऽ, अरबीतून आलेला. त्याच्या पुढे नेहमी सुबखुन्तीवो येतो. तेव्हा ओखालाऽ आब्लेमोस प्रोन्तो! लवकरच बोलणं होवो. भेटू पुढच्या भागात, ‘कोमेर’ आणि ‘बिबिर’ घेऊन.