पाळी मोडते, काटा नाही



ऊस पेटला की काय होते ते आपणास सांगायला नको. सभासद धावत शेतकी ऑफिसात येतो, पंचनामा होतो, गट नंबर व क्षेत्र लिहिले जाते आणि पाळी मोडून जळीत उसाला तोड मिळते. पाळी मोडते, पण वजनकाटा तोच राहतो. संकटकाळात दवाखान्यांना सरकारी नियमांतून जी सूट मिळते ती अशीच असते.

कोरोनाचे घ्या. रोग्याला द्यायचा ऑक्सिजन कायद्याने औषध आहे. वेल्डिंगचा ऑक्सिजन करणाऱ्याला तो करायचा तर औषधाचा वेगळा परवाना लागतो. एप्रिल 2020 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी राज्यांना कळविले, की अशांचे अर्ज आल्यास 24 तासांत परवाना द्या. दिवस कमी केले, परवाना रद्द केला नाही! पुढच्या एप्रिलात टँकर कमी पडले तेव्हा नायट्रोजन व अरगॉनचे टँकर ऑक्सिजनला वापरण्यास मुभा मिळाली, तीही टँकर आतून साफ करून. तेला-ग्रीसचा अंश राहिला आणि ऑक्सिजन भरला तर भडकाच. मे 2021 मध्ये धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजन काढला, हे आपल्या धंद्याला भूषणच म्हणायचे.

अमेरिकेत तर ही वाट कायद्यातच आखून ठेवली आहे. तिथे खेड्यापाड्यांतल्या एका वर्गाच्या लहान इस्पितळांना 25 खाटांची मर्यादा असते. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी आणि आरोग्यमंत्र्यांनी आरोग्यसंकट, अशा दोन्ही घोषणा झाल्या की ती उठवता येते. मार्च 2020 मध्ये उठवली, मे 2023 मध्ये परत लागू झाली. मुदतीचा कागद म्हणतात तो हा.

आता घरचे सांगतो. 2021 च्या एप्रिलात आमच्या गटातल्या एका सभासदाचा डॉक्टर मुलगा रात्री दहाला माझ्याकडे आला. दवाखान्याच्या नोंदणीत खाटा ठरलेल्या, आणि दारात रोगी रिक्षात पडून. त्याने अर्ज केला होता : "सर्व नियमांतून सूट मिळावी." तो परत आलेला. येणारच की! "माझा सगळा ऊस आधी न्या" असा अर्ज आला तर मी तरी काय करणार?

मी डॉक्टर नाही, पण अर्ज वाचून केस पिकले आहेत. ओट्यावर बसून दोघांनी नवा अर्ज लिहिला. कोणता नियम आड येतो, किती खाटा वाढवायच्या, कुठल्या हॉलमध्ये, देखरेखीला नर्स किती, किती दिवसांसाठी, आणि सूट न मिळाल्यास जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर. मागच्या दारासमोर दोन खाटा बसवायचा त्याचा विचार होता. मी नको म्हटले. त्याच आठवड्यात विरारच्या एका कोविड रुग्णालयाला आग लागून माणसे गेली होती. बाहेर पडायच्या वाटेत सूट मागायची नसते. पोरगा जरा रागावला, दोन खाटा म्हणजे दोन माणसे, असे म्हणाला. त्याचेही खोटे नव्हते. मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. आठ खाटांची, तीन महिन्यांची, दार मोकळे ठेवण्याच्या अटीवर. मुदत संपली तशा त्याने खाटा उचलल्या. त्यांतल्या दोन अजून त्याच्या वडिलांच्या पडवीत आहेत, वर बेण्याची पोती रचलेली.

— ऊस विकास अधिकारी