आठ-बाराची लोकल आणि बाविसावं स्तोत्र

डोंबिवलीला सकाळच्या आठ-बाराच्या लोकलमध्ये बसायला मिळणं म्हणजे लॉटरीच! शेजारच्या काकू पर्समधून छोटी पोथी काढतात आणि शिवलीलामृताचा अकरावा अध्याय सुरू करतात. समोरची कानात इअरफोन खुपसून डोळे मिटते. मी बायबल उघडते. स्तोत्रसंहिता. रोज एक स्तोत्र, घाटकोपर यायच्या आत.

तुम्ही म्हणाल, भलतीच धार्मिक दिसतेय ही! अजिबात नाही हो. चर्च म्हणजे माझ्यासाठी नाताळचा केक, नवा ड्रेस आणि रविवारी सकाळी आईची हाक, बस्स. ‘उपासना संगीत’मधली गाणी तोंडपाठ होती, पण मोबाइलची रिंगटोन पाठ असते ना, तशी.

मग पप्पा गेले. एकोणीस दिवस आयसीयूत होते. त्यानंतर माझी एक विचित्र पंचाईत झाली. रविवारच्या भक्तीत सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणतात. तिच्यात देवाची इच्छा पूर्ण होवो असं मागायची एक जागा आहे. तिथे आलं की माझं तोंडच बंद. हीच का ती इच्छा? मग ती आणखी पूर्ण व्हावी असं मी कशाला मागू? पुढची ओळ आली की पुन्हा सुरात सूर मिसळायचा. कुणाला पत्ता नाही. ऑफिसात बॉसने ‘टेक केअर’ म्हटलं, पाळकसाहेबांनी घरी येऊन सांत्वन केलं. खरं सांगू? दोन्हींचा उपयोग साधारण सारखाच झाला.

अशात उत्तम शुक्रवार आला. म्हणजे गुड फ्रायडे, तुमचा लाँग वीकएण्ड. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, आणि प्रत्येकावर एक प्रवचन. (पाचव्या प्रवचनापर्यंत उपाशी पोट स्वतःचं प्रवचन सुरू करतं, ते वेगळंच.) चौथ्या उद्गारात येशू देवाला विचारतो, मला का सोडलंस? लहानपणापासून ऐकलेलं. पण त्या दिवशी बोलणाऱ्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, जी मला कुणी सांगितलीच नव्हती, किंवा सांगितली तेव्हा मी झोपले होते. हे शब्द त्याचे नव्हेत. ते बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीतले आहेत. कित्येक शतकं जुनं, यहुदी लोकांच्या उपासनेतलं गाणं. अगदी शेवटच्या घटकेला त्याच्या तोंडी आलं ते लहानपणापासून कानावर पडलेलं. आणि तेही काय, तर तक्रार!

घरी येऊन ते स्तोत्र वाचलं. मग पुढची. एकूण दीडशे. मला वाटायचं, सगळीकडे स्तुतीच असणार. पण रडणं, भांडणं, देवाला जाब विचारणं यांनी ती भरलेली आहेत. बरीचशी शेवटी आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं मात्र वळत नाही, ते अंधारातच संपतं. कुणी त्याला हॅपी एण्डिंग जोडलं नाही, गाळूनही टाकलं नाही. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात तर सगळी स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. तुमचा मूड कसाही असो, अठ्ठ्याऐंशीवं त्याच्या तारखेला येणारच.

ट्रेनमधल्या वाचनाचा आमच्याकडे एक मोठा किस्साही आहे. 1893 मध्ये नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. ते वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी गुंतले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी माणसाने परक्या चालीत का गावं, म्हणून पुढे अभंग-ओव्या लिहिल्या. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते सांगत.

पण मला जवळची वाटते ती लक्ष्मीबाई. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईचं ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी निघालं. माझ्याकडची प्रत पप्पांची, कडेला पेन्सिलीच्या खुणा. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ही कोसळली होती. काही वर्षं वेगळी राहिली. परत आली तरी सोवळं पाळत राहिली. जातपात खरंच देवाने केली का, याचा विचार तिचा तिने केला, आणि मगच सोडलं. 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. इतक्या थोर माणसाच्या घरात राहूनही तिने पाच वर्षं घेतली! आणि हे सगळं ती हसत हसत सांगते. मला दोनच वर्षं झालीत.

परवा काकूंनी पोथी मिटून विचारलंच, ‘‘रोज काय वाचतेस गं?’’ मी म्हटलं, ‘‘देवाशी भांडणं.’’ त्या हसल्या. ‘‘मग चांगलंय. आमच्यात त्याला गाऱ्हाणं म्हणतात.’’ घाटकोपर आलं, त्या उतरल्या.

रविवारी त्या ओळीपाशी मी अजून थांबते. आईच्या ते लक्षात आलंय बहुतेक. विचारत काही नाही. पण अलीकडे ती ओळ जरा मोठ्याने म्हणते, दोघींच्या वाटची.