चिठ्ठ्यांचा डबा

कार्यशाळा असली की मी कारखान्यात दीड तास आधी पोचतो. गेट, हजेरीची खोली, कपडे बदलायची जागा, संडास, कॅन्टीन, सूचनाफलक, सगळं पायी फिरून बघतो. ही सवय जवाहरनगरची. तिथल्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत वाढलो. बाबा ड्यूटीला निघताना दारातच सगळे खिसे चाचपायचे, काडीपेटी तर राहिली नाही ना म्हणून. स्फोटकांच्या कारखान्यात जाणाऱ्या माणसाचं घरही त्या नियमात राहतं.

मी समलैंगिक आहे. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत तीन वर्षं डबा खाताना मी एक खोटी 'होणारी बायको' सांभाळली. तिचं गाव, तिचं शिक्षण, तिच्या घरच्यांचा होकार, सगळं लक्षात ठेवावं लागे. माझ्या जोडीदाराचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा मागितली, तर "रूममेटसाठी कशाला रजा?" असं उत्तर मिळालं. त्या रात्री मी दुसरी पाळी करून मग दवाखान्यात गेलो. बिंदुमाधव खिरे यांची मराठी पुस्तकं मला त्याच काळात मिळाली. त्यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला होता. आपल्याविषयी आपल्या भाषेत, शिवी न वाटणाऱ्या शब्दांत बोलता येतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आज बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत समलैंगिक आणि पारलिंगी कामगारांविषयी कार्यशाळा घेताना मी तेच शब्द वापरतो.

परवा हिंगण्याला बत्तीस सुपरवायझर होते. सुरुवातीला मी फरसाणाचा रिकामा डबा फिरवतो. सगळ्यांना एकाच मापाचे कागद, एकाच निळ्या शाईची पेनं. ज्याला काही विचारायचं नाही त्यानेही कोरी चिठ्ठी घडी घालून टाकायचीच. लिहिणारे चारच असले तर खाली घातलेली मान सगळ्यांना दिसते. बत्तीस जणांचे हात हलले की कुणीच दिसत नाही. डबा मी कधी लगेच उघडत नाही. आधी चहा.

पारलिंगी सहकाऱ्यांबद्दल नाव आणि संडास हे दोन प्रश्न दर वेळी निघतात. नावाचं उत्तर सोपं आहे: माणूस जे नाव सांगेल ते घ्यायचं, गेटपासवरही तेच हवं. संडासाला वेळ लागतो. मागच्या रांगेतले एक वयस्क सुपरवायझर उभे राहिले. "सर, माह्या लाइनीवर बाया आहेत. उद्या त्या म्हनतील, ही आमच्या बाथरूमात नको. मंग म्या काय करू?"

माणूस भांडायला उभा नव्हता, त्याला खरंच अडचण होती. मी त्यांना टोकियोची गोष्ट सांगितली. तिथल्या अर्थ व उद्योग मंत्रालयातल्या एका पारलिंगी अधिकारी बाईंना आपल्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह वापरायला बंदी होती. किमान दोन मजले दूर जायचं. सहकारी बायकांपैकी कुणी स्पष्ट हरकत घेतल्याचं पुढे आलं नाही, त्यांना अवघडल्यासारखं वाटत असेल असं वरिष्ठांनीच धरलं होतं. ११ जुलै २०२३ ला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी ही बंदी कायम ठेवणं बेकायदा ठरवलं. मग मी त्यांना विचारलं, "काका, तुमच्या बायांना विचारलंत का?" सकाळच्या फेरीत मी विचारलं होतं. त्यांची तक्रार होती ती दोन दारांच्या तुटलेल्या कड्यांची, तीही चार महिन्यांची. काकांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं.

सगळ्यात जड विषय नामनिर्देशनाच्या फॉर्मचा. २०१८ च्या ६ सप्टेंबरला कलम ३७७ मधला समलैंगिक संबंधांचा गुन्हा गेला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मिळाला नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीत 'कुटुंब' कोण हे कायद्यानेच ठरलेलं, त्यात माझा जोडीदार बसत नाही. बँकेत मात्र संयुक्त खातं आणि नॉमिनी दोन्ही चालतं. अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला तसं स्पष्ट केलं. कंपनीचा समूह विमा आणि रजा हे व्यवस्थापनाच्या हातात आहे, म्हणून मी तिथेच जोर लावतो. रजेच्या अर्जातल्या 'पती/पत्नी'पुढे 'जोडीदार' एवढा एक शब्द वाढवायला सांगतो. माझं अख्खं पुणं त्या शब्दावाचून गेलं.

चहानंतर डबा उघडला. सव्वीस चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. पाचांत ओळखीचे प्रश्न. शेवटच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'तक्रार अधिकारी रात्रपाळीला भेटतात का?'

मी अक्षराकडे बघत बसलो नाही. चिठ्ठी मोठ्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे. इथे नेमलेला होता, फलकावर काचेआड नावही होतं. वेळ: दहा ते सहा. कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो.

एचआरच्या ताई काही न बोलता किल्ली घेऊन आल्या. काच जुनी, अडकणारी. मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्यांनी कागद काढला, नावाखाली स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला आणि पुढे 'रात्री कधीही' असं जोडलं. मग त्यांनी तो आकडा परत एकदा गिरवला, लांबून दिसावा म्हणून.