लिनक्समधला डिफॉल्ट गेटवे
घरातला प्रिंटर सापडतो, पण इंटरनेट चालत नाही? टर्मिनलमध्ये ‘आयपी रूट’ ही कमांड देऊन बघा. ‘डिफॉल्ट’ने सुरू होणारी ओळच नसेल, तर बाहेर जाणारं पॅकेट कुणाकडे सोपवायचं, म्हणजेच डिफॉल्ट गेटवे कोणता, हे संगणकाला ठाऊकच नाही. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर ‘सुडो आयपी रूट अ‍ॅड डिफॉल्ट व्हाया’ लिहून पुढे तो पत्ता द्या. रीस्टार्टनंतर ही नोंद जाते. कायमची हवी तर नेटवर्क मॅनेजरच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये भरा.

मला सगळ्यात आवडतं ते मेट्रिक! केबल आणि वायफाय दोन्ही जोडले की डिफॉल्ट ओळी दोन दिसतात. मेट्रिक म्हणजे प्रत्येक ओळीचा प्राधान्याचा आकडा; कमी आकड्याची ओळ जिंकते. नेटवर्क मॅनेजर साधारणपणे केबलला १०० देतो, वायफायला ६००. केबल काढा, वायफाय लगेच काम हाती घेतं.