प्लॅन तीनशेचा, वेग नव्वदचा: दोष कुणाचा?

फायबरचा प्लॅन 100 वरून 300 एमबीपीएसचा करून घेतला, पैसेही भरले. पण स्पीड टेस्टचा काटा काही 94 च्या पुढे सरकेना. मग पहिला फोन जातो तो कनेक्शनवाल्याला. त्याच्यावर तोंडसुख घेण्याआधी घरातला जुना राऊटर एकदा तपासून पाहा.

गैरसमज: प्लॅन वाढवला की वेग आपोआप वाढतो.
वस्तुस्थिती: राऊटर उलटा करून त्याचं लेबल वाचा. पोर्टबद्दल ‘10/100’ असं लिहिलं असेल, तर त्यातून सेकंदाला 100 मेगाबिटच्या वर काही जात नाही, आणि प्रत्यक्षात हाती येतात 94-95. प्लॅन 300 चा घ्या की 1000 चा, आकडा तिथेच अडणार. लेबलवर ‘10/100/1000’ किंवा ‘गिगाबिट’ हवं. राऊटर गिगाबिटचा असूनही 94 च दिसत असेल, तर केबल बदलून पाहा. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी तुटली, तर जोडणी 100 वर उतरू शकते.

गैरसमज: खोक्यावर ‘एसी 1200’ आहे, म्हणजे 1200 चा वेग मिळेल.
वस्तुस्थिती: ती बेरीज आहे. 2.4 गिगाहर्ट्‌झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्‌झचे 867 मिळवून वर गोळाबेरीज केलेली. फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो आणि कागदावरच्या वेगाच्या साधारण निम्मा वेग मिळाला तरी ठीकच म्हणायचं. शिवाय ‘एसी 1200’ लिहिलेल्या कित्येक राऊटरांचे पोर्ट 10/100 चेच असतात.

गैरसमज: 300 चा प्लॅन, पण डाउनलोड 37 नेच होतंय, म्हणजे फसवणूक.
वस्तुस्थिती: प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, डाउनलोड बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतं. आठ बिटचा एक बाइट. 300 ला 8 ने भागा, 37.5 येतात. हिशेब चोख आहे.

गैरसमज: अँटेना जास्त, तेवढा वेग जास्त.
वस्तुस्थिती: बाहेर दिसणाऱ्या दांड्यांवरून काही ठरत नाही. राऊटर आणि फोन कोणत्या पिढीचे आहेत, मध्ये भिंती किती आहेत, यावर ठरतं. 2.4 गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राऊटरही त्यांवरच दाटीवाटीने बसलेले असतात. 5 गिगाहर्ट्‌झवर जागा मोकळी असते, पण भिंतीपलीकडे त्याचा जोर कमी पडतो.

गैरसमज: बंद पडत नाही तोवर राऊटर बदलायचं कारण नाही.
वस्तुस्थिती: राऊटर हाही एक छोटा संगणकच. घरातल्या सगळ्या उपकरणांची ये-जा एकाच पत्त्यावरून चालवताना त्याला डेटाच्या पॅकेटमागून पॅकेटचा पत्ता बदलावा लागतो. पॅरेंटल कंट्रोल किंवा क्यूओएस (कोणत्या वापराला आधी वेग द्यायचा, ते ठरवणारी सोय) सुरू केलं, की बऱ्याच राऊटरांत हे सगळं ओझं प्रोसेसरवर येतं आणि जुना प्रोसेसर धापा टाकतो. त्याहून गंभीर गोष्ट सुरक्षेची: कंपनीने अपडेट देणं थांबवलं, की नव्याने सापडलेली भोकं तशीच उघडी राहतात.

म्हणून नवा राऊटर घेण्याआधी एक करा. गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप केबलने थेट कंपनीच्या फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. तिथे वेग पूर्ण आला, तर दोष घरातल्या राऊटरचा, केबलचा किंवा वायफायचा. तिथेही आला नाही, तर तक्रार खुशाल नोंदवा.