डाव्या पायावरचा ठोका

जुलै संपत आला की शिंदखेड्यात सकाळी सातला शाळेच्या मैदानावर मुलं जमू लागतात. 15 ऑगस्टला तीन आठवडे उरलेले असतात. बुराईला पाणी असो नसो, शेतात कपाशीची निंदणी चालू असो, बँडपथकातली पोरं चहात पाव बुडवून खातात आणि निघतात. पहिले चार-पाच दिवस ढोल, झांजा, बिगुल कपाटाबाहेर येतच नाहीत. मुलं नुसती चालतात.

नव्या मुलाला याचा राग येतो. मलाही आला होता. सहावीत माझ्या वाट्याला झांज आली आणि आठवडाभर तिला हात लावू दिला नाही. आम्हाला शिकवायला येणारे मास्तर लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. लग्नसराई संपली की पावसाळ्यात त्यांना सवड असायची. ते म्हणायचे, "आधी पाय वाजव. झांज मग वाजेल." तेव्हा हे बोलणं मला टाळाटाळीचं वाटायचं. आज पथकांचा सराव बघताना पटतं, की संचलनाची सगळी विद्या याच एका वाक्यात आहे. वाद्य हातात असतं, पण ताल पायात बसावा लागतो.

त्याचं गणित सोपं आहे. तेज चालीला मिनिटाला 120 पावलं, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. पाऊल साधारण 75 सेंटीमीटरचं. मोठ्या ढोलाचा भारी ठोका डाव्या पायावर पडतो, आणि तो पडला की रांगेतल्या प्रत्येकाला आपला पाय कुठे असायला हवा ते कळतं. म्हणून मोठा ढोल सगळ्यात धिप्पाड मुलाकडे देऊ नये, सगळ्यात शांत मुलाकडे द्यावा. गर्दी बघून, टाळ्या ऐकून जो घाई करतो त्याच्यामागे अख्खं पथक पळायला लागतं. परवा सरावात ढोलवाला मध्येच थांबला. "सर, मना पाय चुकना," म्हणाला. सर म्हणाले, "चुकला तर चुकू दे, हात थांबवू नको. दोन ठोक्यांत पाय बदल." पाय बदलण्याची ही युक्ती, मागचा पाय पुढच्या टाचेशी आणून एक छोटं पाऊल टाकायचं आणि पुन्हा डाव्यावर यायचं, पहिल्याच आठवड्यात शंभर वेळा करून घ्यायला हवी. चूक सगळ्यांची होते. चांगलं पथक ती दोन पावलांत मिटवतं.

आता एक अशी गोष्ट जी फार थोड्या शाळांत शिकवली जाते. आवाजाला पोहोचायला वेळ लागतो. हवेत तो सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पथक 34 मीटर लांब पसरलं, तर पुढच्या ढोलाचा ठोका शेवटच्या मुलीला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. पावलाचा काळ अर्धा सेकंद धरला, तर ती पावलाच्या पाचव्या भागाने मागे पडली. तिने मन लावून ऐकलं आणि ऐकलेल्याबरोबर वाजवलं तरी पुढे उभ्या माणसाला तिची झांज फाटल्यासारखी ऐकू येते. तिचा काही दोष नसतो. उपाय दोनच: ढोल पथकाच्या मधोमध ठेवायचा, आणि मागच्यांनी ठोका कानाने न घेता डोळ्यांनी घ्यायचा. बँड मेजरची काठी वर-खाली होते ती त्यासाठीच. काठी दिसायला कितीही देखणी असो, तिचं काम मागच्या मुलीला वेळ दाखवणं हे आहे. काठी खाली येताना ती कुठे थांबते हे स्वच्छ दिसलं पाहिजे. नुसती गोल फिरवली तर मागे कुणाला काहीच कळत नाही.

कोपऱ्यावर पथकाची खरी परीक्षा होते. चौघांची रांग चौकात डावीकडे वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा सुमारे साडेतीन मीटरचा कमान-रस्ता चालतो, म्हणजे पाच पावलं. मधल्या दोघांनी आपापल्या वाट्याची लहान-मोठी पावलं टाकायची. सगळ्यांनी बाहेरच्याकडे डोळ्यांच्या कडेने बघायचं, मान वळवायची नाही. आमच्या गल्ल्यांत एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला उभी मोटारसायकल. तिथे हे वळण साधलं की बघणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडून आपोआप 'वा' निघतं. मैदानावर चुन्याने चौकोन आखून हेच वळण रोज वीस वेळा केलं तर दहा दिवसांत बसतं.

वाद्यांपैकी बिगुल सगळ्यांत अवघड. त्याला कळ नाही, भोक नाही. नळी एक आणि सूर चार-पाच, तेही ओठ किती ताणले यावर. मुलं गाल फुगवून जोर लावतात, सूर फाटतो, ओठ सुजतात. रोज दहा मिनिटं नुसत्या ओठांची फुरफुर करायची, श्वास पोटातून घ्यायचा आणि गाल आत ठेवायचे. मग तोंडाशी बिगुल धरला की सूर स्वतःहून येतो. चालताना आणखी एक अडचण असते. टाच जोरात आपटली की सगळं अंग उसळतं आणि बिगुल ओठांवर आदळतो. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या मोठ्या बँडमध्ये म्हणूनच टाच हलकेच टेकवून पाऊल चवड्यापर्यंत लोळवत नेतात, कंबरेच्या वरचं अंग पाण्यावरून सरकल्यासारखं राहतं. आपल्याकडे कवायतीची चाल आपटून चालण्याची. सलामीला ती शोभते. पण बिगुल वाजवणाऱ्या मुलांना तरी मऊ पाऊल शिकवावं, असं माझं ठाम मत आहे.

छोट्या ढोलाचं दुखणं काड्यांत असतं. एक काडी हातभर उंच उठते, दुसरी वीतभर, आणि ठोके लंगडे पडतात. जुन्या टायरचा तुकडा मांडीवर ठेवून दोन्ही काड्या एकाच उंचीवरून सोडायच्या. काडी मारायची नसते, सोडायची असते. रबर तिला परत वर फेकतं, आपण फक्त ती पकडीतून निसटू द्यायची नाही. हे एकदा मनगटाला कळलं की ठोक्यांची सलग घरघर आपसूक जमते.

वाद्यांच्या मागून येतात लेझीमवाल्या आणि झेंडेवाल्या मुली. परदेशातल्या बँडमध्ये झेंडे फिरवणारा गट असतो, त्याची आमच्याकडची भावंडं हीच. लेझीम मुळात फारसी शब्द, दोरीऐवजी साखळी लावलेलं सरावाचं धनुष्य. म्हणजे ती तालमीतल्या मेहनतीची वस्तू होती, आवाज नंतर आला. चार आवाज, एक जागा, आदि लगाव, पवित्रा, दो रुख ही तिच्या प्रकारांची नावं अजून तशीच चालतात. 1982च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या उद्घाटनातही लेझीम खेळली गेली. पण गावातल्या मुलीला चार आवाज नीट येईपर्यंत दंड भरून येतात, आणि तेच तिचं खरं शिक्षण आहे. गुडघे वाकले पाहिजेत. सरळ गुडघ्याने लेझीम खेळली तर ती नुसती खुळखुळते.

झेंड्याचं तंत्र वेगळं. कापड काठीच्या मागे राहतं. ठोक्यावर काठी वळवली तर कापड ठोक्यानंतर पोहोचतं. म्हणून वळण अर्धा ठोका आधी सुरू करायचं, कापड बरोबर डाव्या पायावर फडकलं पाहिजे. आधी आठवडाभर नुसती काठी, मग कापड, आणि पावसात भिजलेलं कापड किती जड होतं याचा अंदाज यावा म्हणून एकदा मुद्दाम ओलं करून. फिरवायला रंगीत झेंडे वापरायचे. तिरंगा फिरवायचा नाही, झुकवायचा नाही. तो ताठ धरून चालायचं असतं, आणि कवायतीत सगळ्यांत कठीण काम तेच आहे. वारा आला की मनगट थरथरतं, दंड दुखतो, तरी कापडाने खाली यायचं नाही.

आमच्या रेल्वेमार्गावर शिंदखेड्याहून दोंडाईचा, पुढे नंदुरबार. 9 सप्टेंबर 1942 रोजी तिथल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता तिरंगा हातात धरून चालत होता. पोलिसांनी गोळीबार केला. सोळावं वर्षही पुरं न झालेला तो मुलगा आणि त्याचे चार सोबती गेले. नंदुरबार तेव्हा आमच्याच पश्चिम खान्देश जिल्ह्यात होतं. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात सर तिरंगा धरणाऱ्या मुलीला ही गोष्ट सांगतात, फार शब्द न वापरता. त्यानंतर तिची पकड बदललेली मी पाहिली आहे. उजवा हात खाली, डावा छातीशी, कोपर अंगाला चिकटलेलं.

13 तारखेला पथक पहिल्यांदा मैदानाबाहेर पडलं. स्टेशन रोडवर दुकानांची शटरं अर्धी उघडी, एक रिक्षावाला इंजिन बंद करून थांबला. शेवटच्या रांगेत सहावीतली झांजवाली, तिच्या हाताला झांजा मोठ्या होत्या. चौकात पथक वळलं तेव्हा ढोल तिच्या नजरेआड गेला. आवाज भिंतींवर आदळून दोनदा येऊ लागला. तिने कानांकडे लक्ष दिलं नाही. मान ताठ ठेवून ती पुढच्यांच्या खांद्यांवरून दिसणाऱ्या काठीच्या टोकाकडे बघत राहिली. काठी खाली आली, तिचा डावा पाय पडला, आणि झांज त्याच क्षणी वाजली.