मोबाइल आईचा, कार्टून मुलाचं

सहा वर्षांच्या मुलाकडे सहसा स्वतःचा मोबाइल नसतो. सकाळी तो आईचा घेतो, संध्याकाळी बाबांचा, सुट्टीत आजोबांचा. पालकांसाठी कंपन्यांनी जी नियंत्रणं तयार केली आहेत, ती मात्र बहुतेक वेळा असं धरून चालतात की मुलाचं यंत्र वेगळं आहे आणि त्यावर खातंही त्याचंच आहे. म्हणूनच एखादं बटण दाबून पालक निर्धास्त होतात आणि चार दिवसांनी मूल पुन्हा भलतंच काही बघताना सापडतं. कुलूप फोनला नाही, खात्याला लागतं, एवढं ध्यानात घेतलं की पुढचं काम तासाभराचं आहे.

खातं कोणाचं?

यूट्यूब पुढचा व्हिडिओ कोणता सुचवणार, हे बऱ्याच अंशी त्या खात्यावर आधी काय पाहिलं गेलं यावर ठरतं. आई रात्री त्याच खात्यावर गुन्हेगारी मालिकांचे भाग बघत असेल आणि दुपारी मूल बडबडगीतं, तर यंत्राच्या लेखी हा एकच प्रेक्षक आहे. आईच्या पानावर ‘बेबी शार्क’ येऊ लागतं, त्याचं आपल्याला हसू येतं. उलट दिशेनेही तेच घडतं, ते उशिरा लक्षात येतं.

दुसरी अडचण आपणच तयार केलेली असते. तेरा वर्षांखालच्या मुलाचं गूगल खातं पालकांच्या देखरेखीशिवाय उघडता येत नाही. मग शाळेच्या कामासाठी घाईघाईत खातं काढताना जन्मसाल पुढेमागे केलं जातं. लॉकडाउनमध्ये तर हे सर्रास झालं. अशा खात्याला गूगल प्रौढ माणूस समजतं, आणि वयावर आधारलेली सगळी गाळणी तिथे निरुपयोगी ठरते. अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी राखलेले व्हिडिओही त्या खात्यावर उघडू शकतात. मुलाच्या खात्यात कोणती जन्मतारीख आहे, हे आधी बघा. चुकीची असेल तर दुरुस्त करा. तारीख बदलल्यावर गूगल पालकाची देखरेख जोडायला सांगेल, ती जोडा.

आठ वर्षांपर्यंत यूट्यूब किड्स

लहान मुलांसाठी सर्वात सोपी वाट म्हणजे ‘यूट्यूब किड्स’ हे वेगळं अ‍ॅप. अमेरिकेत ते २०१५ मध्ये आलं, भारतात २०१६ मध्ये. त्यात टिप्पण्या नाहीत आणि मुलाला स्वतःचे व्हिडिओ चढवता येत नाहीत. जाहिराती मात्र असतात. फुकट आहे म्हटल्यावर त्या असणारच.

प्रोफाइल तयार करताना अ‍ॅप वयोगट विचारतं: चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा. चौथा पर्यायही आहे, ‘मी स्वतः मंजूर केलेलंच दाखवा’. बहुतेक पालक तो वाचून पुढे जातात, कारण त्यात एकेक व्हिडिओ किंवा चॅनेल निवडत बसावं लागतं. माझ्या मते पाच वर्षांखालच्या मुलासाठी तोच एक पर्याय भरवशाचा आहे. आठ-दहा चॅनेल निवडली तरी महिनोन्‌महिने पुरतात, कारण या वयाची मुलं एकच गोष्ट पन्नासदा बघतात.

हा आग्रह का, त्याला इतिहास आहे. २०१७ मध्ये ‘एल्सागेट’ नावाने एक प्रकरण गाजलं. एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग अशा ओळखीच्या पात्रांचे नकली व्हिडिओ बनवून त्यांत हिंसा, भीतीदायक आणि लैंगिक सूचकतेचे प्रसंग घातले होते. वरून ते साधं कार्टून दिसायचं. त्यातले काही यूट्यूब किड्सवरही पोहोचले होते. यंत्र चित्र, शीर्षक आणि शब्द तपासत होतं, गोष्टीचा रोख त्याला कळत नव्हता. यूट्यूबने नंतर बरीच चॅनेल बंद केली आणि पुढच्या वर्षी हा ‘मंजूर केलेलंच’ पर्याय आणला. वयोगटाची गाळणी आजही मुख्यतः यंत्रच चालवतं, चुकून निसटणारे व्हिडिओ आजही असतात.

अ‍ॅपमध्ये आणखी तीन गोष्टी करून ठेवा. शोधाची सोय बंद करा, म्हणजे निवडलेल्या चॅनेलपलीकडे मूल फारसं भटकणार नाही. टायमर लावायला शिका, वेळ संपली की अ‍ॅप स्वतःच थांबतं. आणि पालकांच्या सेटिंगला स्वतःचा पासकोड द्या. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण पासकोड दिला नाही तर अ‍ॅप मोठ्या माणसाची खातरी पटवायला गुणाकार विचारतं. आपल्याकडे तिसरी-चौथीतल्या मुलाला पाढे पाठ असतात! ते कुलूप त्याच्यासाठी नाहीच.

नको असलेला व्हिडिओ दिसला तर त्याच्या तीन ठिपक्यांवर दाबून तो किंवा ते अख्खं चॅनेल ब्लॉक करता येतं. त्यासाठी पालकाच्या खात्याने साइन इन केलेलं हवं.

नऊ ते तेरा, सगळ्यात अवघड टप्पा

चौथी-पाचवीतल्या मुलाला यूट्यूब किड्स बाळबोध वाटू लागतं. शाळेचे शिक्षक वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेहमीच्या यूट्यूबच्या लिंका पाठवतात, बुद्धिबळाचे डाव आणि क्रिकेटचे सामने तिथेच असतात. या वयासाठी यूट्यूबने २०२१ मध्ये देखरेखीखालचं खातं आणलं. मुलाचं गूगल खातं ‘फॅमिली लिंक’ या अ‍ॅपमधून पालकाच्या खात्याला जोडलेलं असतं आणि नेहमीचंच यूट्यूब छाटून दिसतं.

त्यात तीन पायऱ्या आहेत. ‘एक्सप्लोअर’ साधारण नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी, ‘एक्सप्लोअर मोअर’ तेरापुढच्यांसाठी, आणि ‘मोस्ट ऑफ यूट्यूब’मध्ये अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी राखलेलं सोडून जवळपास सगळं. तिसरी पायरी दहा वर्षांच्या मुलाला देण्यात अर्थ नाही. नियंत्रण लावल्याचं समाधान पालकाला मिळतं, मुलाच्या बघण्यात फरक पडत नाही. ‘एक्सप्लोअर’पासून सुरुवात करा आणि शाळेचा एखादा व्हिडिओ अडला तर तो मुलासोबत तुमच्या फोनवर बघा. त्या एका व्हिडिओसाठी पायरी वाढवू नका.

फॅमिली लिंकमधून आणखीही बरंच करता येतं: दिवसभराची वेळ ठरवणं, रात्री फोन बंद होण्याची वेळ लावणं, नवं अ‍ॅप टाकण्याआधी परवानगी मागायला लावणं. यातली परवानगी सर्वात कामाची. यूट्यूबवर कडक नियंत्रण आणि शेजारी दुसरा मोकळा ब्राउझर, अशी स्थिती असेल तर मूल दोन दिवसांत वाट शोधतं. आयफोन किंवा आयपॅड असेल तर हीच कामं ‘स्क्रीन टाइम’मधून होतात.

पण हे सगळं मुलाच्या वेगळ्या यंत्रावर, मुलाच्या खात्याने. घरात जुना फोन किंवा टॅब पडून असेल तर तो यासाठी बाहेर काढा. सिम कार्डाशिवाय, घरच्या वाय-फायवर तो उत्तम चालतो आणि मोबाइल डेटाची पळवाटही आपोआप बंद होते.

फोन आपलाच द्यायचा असेल तर

जुना फोन नाही, आईचाच द्यायचा आहे. मग अँड्रॉइडमधली अ‍ॅप पिन करण्याची सोय वापरा. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या विभागात ती असते. यूट्यूब किड्स उघडायचं, पिन करायचं आणि फोन हातात द्यायचा. फोनचा पिन टाकल्याशिवाय त्या अ‍ॅपबाहेर पडता येणार नाही, अशी व्यवस्था तिथेच निवडता येते. म्हणजे मूल नेहमीच्या यूट्यूबवर जात नाही, गॅलरीतले फोटो उडवत नाही आणि ऑफिसच्या ग्रुपवर चित्रविचित्र खुणाही पाठवत नाही. आयफोनमध्ये याच कामासाठी ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ आहे. तो अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात सापडेल, बाजूचं बटण तीनदा दाबून सुरू होतो.

फोनचा पिन मुलाला माहीत नसावा हे उघड आहे. तरी घराघरांत तो मुलांना पाठ असतो, कारण भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देताना तीच शेजारी उभी असतात. पालकांच्या नियंत्रणाचा पिन फोनच्या आणि यूपीआयच्या पिनहून वेगळा ठेवा. घरातल्या कोणाचंही जन्मसाल नको.

रिस्ट्रिक्टेड मोडवर विसंबू नका

पालकांना सर्वात आधी सापडतो तो हा पर्याय. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये एक बटण, दाबलं की प्रौढांसाठीचे बरेच व्हिडिओ आणि सगळ्या टिप्पण्या गायब. वाईट नाही. पण तो त्या-त्या यंत्रापुरता आणि ब्राउझरपुरता असतो. आईच्या फोनवर लावला म्हणून टीव्हीवर लागत नाही. शिवाय मोठ्यांच्या साध्या खात्यावर तो ज्या बटणाने लागतो त्याच बटणाने निघतो, पिन विचारत नाही. आजोबांच्या फोनवर दुसरं काही जमणार नसेल तर लावून ठेवायला हरकत नाही, एवढंच.

काही जण राउटरवर डीएनएस गाळणी बसवतात. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही मोफत सेवा त्यांतली एक. अश्लील संकेतस्थळं अडवायला ती चांगली आहे. मात्र तिला फक्त संकेतस्थळाचं नाव कळतं. यूट्यूबच्या आतला कोणता व्हिडिओ बरा आणि कोणता वाईट, हे तिच्या आवाक्याबाहेर आहे, आणि मुलाने मोबाइल डेटा सुरू केला की ती बाजूलाच पडते.

विसरलेला टीव्ही

फोनवर इतकी मेहनत घेणारी घरं टीव्ही विसरतात. दिवाणखान्यातल्या स्मार्ट टीव्हीवर यूट्यूब बहुधा बाबांच्या खात्याने सुरू असतं आणि मूल रिमोटच्या माइकवर बोलून हवं ते शोधतं. त्याला अजून लिहिता येत नसलं तरी अडत नाही. टीव्हीच्या यूट्यूबमध्येही मुलाचं प्रोफाइल जोडता येतं. ते जोडा, आणि मोठ्यांचं खातं तिथे उघडं ठेवायचं की नाही ते ठरवा. टीव्ही सर्वांसमोर असतो हा त्याचा मोठा गुण आहे. कानात इयरफोन घालून कोपऱ्यात बघण्यापेक्षा मोठ्या पडद्यावर, स्वयंपाकघरात ऐकू येईल अशा आवाजात बघणं कधीही बरं.

ओटीटीचं काम तुलनेने सोपं आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार भारतातल्या ओटीटी सेवांना कार्यक्रमांची यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशी वर्गवारी दाखवावी लागते, आणि १३+ पासून वरच्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप उपलब्ध करून द्यावं लागतं. म्हणजे सोय असते, लावायची आपण. मुलाचं प्रोफाइल वेगळं काढा आणि स्वतःच्या प्रोफाइलला पिन लावा. दुसरं काम राहिलं तर पहिल्याचा उपयोग शून्य, कारण मूल सरळ तुमच्या नावावर क्लिक करतं. नेटफ्लिक्सवर प्रोफाइलचा पिन, वयोमर्यादा आणि नको असलेल्या मालिकांची यादी हे सगळं खात्याच्या सेटिंगमध्ये मिळेल.

वेळ आणि आपोआप सुरू होणारा पुढचा भाग

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार या वयात दिवसाला एक तासाहून जास्त नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही साधारण हेच सांगते. घरोघरी काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर प्रवचन नको. मात्र एक बटण आजच बंद करा: ऑटोप्ले. भाग संपला की क्षणभर शांतता होते, आणि मूल उठतं ते तेव्हाच. पुढचा भाग आपोआप सुरू झाला की ती फट बुजते.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळाच उपाय केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावात टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलतात. यात एकही अ‍ॅप नाही. चाललं ते मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवला म्हणून. बाबांच्या हातात रील सुरू असताना मुलाच्या टायमरची सक्ती टिकत नाही.

मुलाला सांगून करा

दहा वर्षांपुढच्या मुलापासून नियंत्रण लपवू नका. काय बंद केलं, का केलं आणि पुन्हा कधी विचार करायचा, हे सरळ सांगा. काय पाहिलं याचा इतिहासही अधूनमधून सोबत बसून बघा. घाबरवणारं काही दिसलं आणि मूल सांगायला आलं, तर त्याच क्षणी फोन काढून घेऊ नका. पुढच्या वेळी ते सांगणार नाही. कोणी अनोळखी माणूस मुलाशी संपर्क साधून धमकावत असेल, फोटो मागत असेल, तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करा.

कायदाही पालकांच्या बाजूला सरकतो आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. तिची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी, आणि तिच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. तोवर हे काम घरातच करावं लागेल. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मूल आजोळी जाणार असेल, तर निघण्याआधी आजी-आजोबांच्या फोनवरही यूट्यूब किड्स टाकून द्या आणि अ‍ॅप पिन कसं करायचं ते त्यांना एकदा करून दाखवा.